आप्पांचा हेक्टर

आमच्या आप्पांना माणसं आवडत नसत असं नाही. मेंढरांपेक्षा कमी आवडत, एवढंच. मेंढरं विकून टाकल्यावर त्यांच्या वाट्याला नुसती माणसं उरली, हे त्यांचं खरं दुखणं होतं.

मी त्यांचा भाडेकरू. बार्शीकडून सणसवाडीला आलो, एका कंपनीत टाइम ऑफिसात चिकटलो आणि आप्पांच्या चाळीत एक पत्र्याची खोली मिळाली. चाळ म्हणजे पूर्वी जिथं मेंढरं बसायची, त्याच जागेवर एका ओळीत उठवलेल्या खोल्या. चराऊ रान कंपन्यांच्या खाली गेलं, मेंढरं बाजारात गेली, पण कळप राखायची सवय आप्पांच्या अंगातून गेली नाही. ती आमच्यावर निघाली. सकाळी काठी घेऊन प्रत्येक दारावर ठोकत जायचे. "उठा! फस्ट शिफ्ट!" ज्याची सेकंड असेल तोही उठायचा. कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, "सेकंड हाय व्हय तुजी? मग ऊठ आन् फस्टवाल्यांना वाटंला लाव." संध्याकाळी कुणी चहाच्या टपरीवर रेंगाळलं, तर जिभेखाली दोन बोटं घालून अशी शीळ घालायचे, की बिहारकडची पोरं हातातला कप टाकून घराकडं पळत. धोतर, बंडी आणि खांद्यावर घोंगडी, हा त्यांचा बारमाही पोशाख. मे महिन्यात घोंगडी बघून आम्हालाच घाम फुटायचा. ते म्हणायचे, "घोंगडीनं ऊन आडतंय. तुमी शिकल्याली मानसं, तुमाला न्हाई कळायचं."

चाळीच्या शेवटच्या खोलीत लातूरकडचा एक ड्रायव्हर राहायचा. तो कुठल्याशा साहेबाची गाडी चालवायचा. साहेबाची परदेशात बदली झाली तेव्हा त्यानं फ्रीज एकाला दिला, सोफा दुसऱ्याला दिला आणि ड्रायव्हरच्या वाट्याला कुत्रा आला. जीपच्या पुढच्या सीटवर बसून तो कुत्रा चाळीत आला तेव्हा पोरं "भालू! भालू!" ओरडत खोल्यांत घुसली आणि त्यांनी आतून कड्या लावल्या. वासराएवढं धूड. तांबडं-पांढरं अंग, ओघळलेले डोळे, चेहरा एखाद्या रिटायर झालेल्या हेडमास्तरासारखा, आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंनी लाळेच्या दोऱ्या लोंबत होत्या.

आप्पांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. बैल विकत घेताना मारतात तशी.

"कुठली जात म्हनायची?"

"सेंट बर्नार्ड, आप्पा. परदेशातल्या डोंगरातली. तिकडं बर्फात गाडली गेलेली माणसं हुडकून वर काढतात ही कुत्री."

"येडी हायेत का ती मानसं? आमच्याकडं येकदा गाडलं की तेरावं घालून मोकळं व्हतात. वर कशाला काढायचं?" मग कुत्र्याकडं बघून विचारलं, "नाव काय ह्याचं?"

"हेक्टर."

आप्पा थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी आधी पाहिला नव्हता. "गुंठा न्हाई, एकर न्हाई, थेट हेक्टर! सात-बाऱ्यावर हेक्टर आल्यापासनं माझी जमीन बारीक दिसाय लागली हुती. हे पयलं हेक्टर बघतोय जे डोळ्यात भरतंय."

महिनाभरात ड्रायव्हरला नगरला दुसरी नोकरी लागली. त्यानं खोली रिकामी केली, पण कुत्रा मागंच ठेवला. पत्नीला, म्हणजे आक्कांना, आप्पांनी काही विचारलं नाही. आक्कांनी मात्र चाळीला ऐकू जाईल असं सांगितलं, "तुमचं हेक्टर दिसाला गुंठाभर भाकरी खातंय. थापायची कुनी?" आणि थापायच्या त्याच. बाजरीच्या भाकऱ्या ताकात कुस्करून पितळेच्या घमेल्यात द्यायच्या. हेक्टर ते घमेलं असं चाटायचा की ते घासायची गरज उरत नसे. मग तो डोकं हलवायचा, आणि दोरीवर वाळत घातलेल्या आमच्या युनिफॉर्मवर लाळेचे फराटे उठायचे. कंपनीत आम्हा सगळ्यांच्या पाठीवर ते डाग असत. त्यावरून लोक ओळखायचे, हा आप्पांच्या चाळीतला.

राखणीच्या कामाचा तो अजिबात नव्हता. एकदा भरदिवसा बोअरच्या मोटरची केबल चोरीला गेली. समोरच्या म्हातारीनं चोर पाहिला होता. ती म्हणाली, चोर केबल गुंडाळत होता आणि हेक्टर त्याचा कान चाटत होता. आप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "त्याला वाटलं असंल वायरमन." कुत्र्यातला दोष त्यांना कधीच दिसला नाही. माणसाच्या बाबतीत त्यांची नजर फार तीक्ष्ण होती.

पहिला उन्हाळा लागला आणि हेक्टरचे हाल सुरू झाले. केस इतके दाट की हात घातला तर मनगटापर्यंत बुडायचा. दिवसभर तो सामायिक मोरीत जाऊन पडायचा. अंघोळ करायची तर त्याच्या अंगावर उभं राहून. आप्पा काही दिवस नुसते बघत राहिले. मग एका सकाळी त्यांनी माळ्यावरून मेंढरांची कातर काढली.

"आप्पा, कुत्र्याला कातरतात का?" मी विचारलं.

"लोकर हाय न्हवं? मंग कातरायची. आमच्या सात पिढ्या कातरत आल्या."

कालव्यावर नेऊन त्याला धुतलं. मग अंगणात आडवा पाडून, मान गुडघ्याखाली धरून, त्यांनी कातर चालवली. काय हात होता! लोकरीची अख्खी गादी उलगडत जावी तसे केस निघत होते, आणि हेक्टर घोरत होता. एक बाजू पूर्ण झाली तेवढ्यात रस्त्यावरून मटणवाल्याची सायकल गेली. हेक्टर उठला. आप्पा त्याच्यावर होते, ते खाली आले. त्यानंतरचा अर्धा दिवस सणसवाडीत तो तसाच फिरला. डावीकडून बघणाऱ्याला अस्वल दिसायचं, उजवीकडून डुक्कर. एक मोटारसायकलवाला दोन्ही बाजू बघण्याच्या नादात रस्त्याकडेच्या चारीत गेला.

दुसऱ्या दिवशी उरलेली बाजूही कातरून झाली. आप्पा खूश होते. आठवड्याच्या आत हेक्टरची पाठ लालेलाल झाली, फोड आले, सोलून निघाली. आप्पांनी हळद-तेल लावलं, आणखी चिघळली. शेवटी टेम्पोत घालून आम्ही त्याला शिरूरला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पाठ बघितली आणि विचारलं, "कुणी केलं हे?"

आप्पा छताकडं बघत होते.

"आजोबा, तुम्ही ही घोंगडी उन्हात का पांघरता?"

"ऊन आडतंय," आप्पा सवयीनं बोलून गेले.

"मग त्याची घोंगडी का काढलीत?"

येताना टेम्पोत आप्पा कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. घरी आल्यावर आपलं धुतलेलं मऊ धोतर पाण्यात पिळून त्यांनी हेक्टरच्या पाठीवरून घेतलं आणि पोटाखाली गाठ मारली. दिवसातून कितीदा तरी ते बदलत. मलम लावताना हेक्टर कण्हला की हेही कण्हत. केस परत येईपर्यंत गावात दोघंजण धोतरात फिरत होते, आणि लांबून बघितलं तर हेक्टर जास्त घरंदाज वाटायचा. कातर आप्पांनी भंगारवाल्याला देऊन टाकली. सात पिढ्यांची गोष्ट पुन्हा कधी काढली नाही.

त्यानंतर उन्हाळा म्हणजे त्यांना वैरी झाला. मुलीनं आक्कांसाठी कूलर पाठवला होता, तो आप्पांनी उचलून गोठ्यात हेक्टरपुढं लावला. आक्कांनी दिवसभर त्यांच्या नावानं खडे फोडले आणि संध्याकाळी आपली खाट गोठ्यात नेली. "कूलर माझा हाय," त्या म्हणाल्या. "मी त्याच्या शेजारी झोपन. ज्याला उकडंल त्यानं घरात झोपावं." मग आप्पांनीही आपली घोंगडी तिकडं पसरली. घराला कुलूप आणि गोठ्यात संसार, असे दोन उन्हाळे गेले.

मग भारनियमनाची वर्षं आली. सकाळी लाईट जायची ती ऊन कलल्यावर यायची. कूलर नुसता बघायला उरला. आप्पा गोणपाटं भिजवायचे, ओल्या वाळूत खड्डा करून त्यात हेक्टरला बसवायचे, पुठ्ठ्यानं वारा घालायचे. बोअरचं पाणीही लाईटवरच, त्यामुळं ते घागरीनं आणायचे. एरवी स्वतःचा तांब्या भरून न घेणारा माणूस.

मे महिन्यात एका दुपारी मी टाइम ऑफिसात बसलो होतो. कंपनीला लाईटची अडचण नव्हती. माझ्या खोलीत हजेरीचं पंचिंग मशीन होतं, त्याला गरम होऊ नये म्हणून एसी. माझ्यासाठी कुणी लावला नसता. गेटवर गलका झाला म्हणून बाहेर आलो. भाजीचा तीनचाकी टेम्पो गेटात आडवा उभा होता. मागं हेक्टर आडवा पडलेला. जीभ जांभळी, डोळे वर गेलेले, श्वास भात्यासारखा. त्याच्यावर रिकाम्या घागरी लवंडलेल्या आणि आप्पा सिक्युरिटीवाल्याशी भांडत होते.

"बाबा, कुत्ता अलाउड नहीं है."

"आन् मी?"

"आपका गेटपास?"

"गेटपास?" आप्पांचा आवाज फाटला. "आरं, तुझा बायलर हाय न्हवं, त्याच्या खाली माझी मेंढरं चरायची. माझ्या आज्याचं रान हुतं हितं. एक दुपार माझं कुत्रं सावलीला बसलं तर कुनाच्या बापाचं काय जातंय?"

मग मला बघितल्यावर त्यांचा सगळा ताठा गेला. "मास्तर," ते म्हणाले. मी मास्तर नव्हतो, पण अडचणीत असले की ते मला मास्तर म्हणत. "मास्तर, ह्याचे पाय गेले. उभंच ऱ्हाईना. कायतरी करा."

इतक्या वर्षांनीही मी कायम झालो नव्हतो, टेंपररीच होतो. विचार करायला बसलो असतो तर कदाचित केलं नसतं. पण लंच सुटला होता, चाळीतली चार पोरं धावत आली, त्यांनी ताडपत्रीत घालून कुत्रा उचलला आणि माझ्या अंगावरूनच आत नेला. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, बर्फ लावू नका, साधं पाणी पोटावर आणि पायांवर ओतत राहा, वारा लागू द्या. आम्ही ओतत राहिलो. टाइम ऑफिसात तळं झालं. आप्पा फरशीवर बसून त्याच्या कानात काहीतरी पुटपुटत होते. मेंढरू आजारी पडलं की बोलायचे तसंच काहीतरी असेल.

बऱ्याच वेळानं हेक्टरनं जीभ आत घेतली. मग डोकं थोडं उचललं. नेमके तेव्हाच आमचे पर्सोनेल मॅनेजर दारात उभे.

"हे काय आहे?"

"कुत्रा आहे, सर."

"ते मला दिसतंय. इथं का आहे?"

हेक्टरनं मधला मार्ग काढला. तो सरपटत पुढं झाला आणि साहेबांच्या पॉलिश केलेल्या बुटावर हनुवटी ठेवून त्यानं डोळे मिटले. साहेबांना पाय काढता येईना. लाळ बुटातून मोज्यात उतरत होती, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. दारात, खिडकीत अख्खी शिफ्ट जमलेली. कुत्र्याला लाथ मारणारा साहेब म्हणून पुढची सगळी नोकरी काढायची, की ओला पाय सहन करायचा? त्यांनी ओला पाय सहन केला.

"मशीनला केस लागता कामा नयेत," ते शेवटी म्हणाले. "आणि याला इथून हलवा... बरा झाल्यावर."

बरा झाल्यावर म्हणजे कधी, हे त्यांनी सांगितलं नाही. आप्पांनी त्याचा अर्थ पाऊस पडल्यावर असा घेतला. तो सगळा मे महिना हेक्टर सकाळी टेम्पोतून यायचा आणि फर्स्ट शिफ्टबरोबर सुटायचा. आप्पा सोबत. एसीची थंडी त्यांना सोसायची नाही. कानाला मफलर, डोक्यावरून घोंगडी, दात वाजतायत, नाक गळतंय, आणि बाहेर रस्त्याचं डांबर वितळतंय.

"आप्पा, तुम्ही जा घरी. मी बघतो त्याला," मी म्हणायचो.

"नगं. जाग आल्यावर त्याला मी दिसाय पायजे." आणि शिंकायचे.

बसल्या बसल्या त्यांना कळप सापडला. कार्ड मारायला येणाऱ्या प्रत्येकाकडं ते घोंगडीतून बघायचे. "तू कालबी उशिरा आलास. बायकू उठवत न्हाई व्हय?" लोक उशिरा यायचे बंद झाले. मॅनेजरसाहेबांनी मला बोलावून माझ्या कामावर खूश असल्याचं सांगितलं. मी कायम झालो तो घोंगडीच्या जिवावर.

आप्पांच्या उरलेल्या रानाला लागून त्यांच्या धाकट्या भावाचं रान होतं. त्यांना सगळे अण्णा म्हणत. बांधावरून दोघांचा दावा चालू होता, आणि बोलणं मी येण्याच्या कितीतरी आधीपासून बंद. हेक्टरला रानात नेलं की तो नेमका त्या बांधावर जाऊन बसायचा. तिथं वारा लागायचा. एक दिवस मी सोबत होतो तेव्हा पलीकडून अण्णांचा आवाज आला, "हेक्टऱ्या! तुझ्या मालकाला सांग, पाटाचं पानी माझ्या कांद्यात सोडू नको म्हनावं!"

आप्पांनी मान वर न करता कुत्र्याला सांगितलं, "हेक्टऱ्या, म्हनावं, कांदा सडला तो पान्यानं न्हाई, नशिबानं सडला."

"हेक्टऱ्या, नशीब काढनाऱ्याला म्हनावं, कोर्टात भेट!"

हेक्टर दोघांकडं आळीपाळीनं बघून जांभई देत होता. मला आधी हसू आलं. नंतर कळलं, हे रोजचं होतं. पाण्याची पाळी, बैलाचं दुखणं, पुतणीचं लग्न ठरल्याची बातमी, सगळं त्या कुत्र्याच्या कानावरून पलीकडं जायचं. लग्नाला आप्पा गेले ते "हेक्टऱ्या, तुझ्या मालकाला म्हनावं, लगीन हाय, जेवून जा" एवढ्या आमंत्रणावर.

एवढ्या मोठ्या जातीला आयुष्य छोटं असतं, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. आप्पा म्हणाले होते, "त्यांनी शेरडं-मेंढरं बघावीत, आविष्य बघू नये." पण हेक्टरचे मागचे पाय खरंच गेले. आप्पांनी धोतराचा झोळ त्याच्या पोटाखालून घेतला. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं ज्या भाडेकरूची सुट्टी असेल त्याच्या. अशी वरात रोज सकाळी अंगणातून बांधापर्यंत जायची. आप्पा स्वतः वाकले होते. कोण कुणाला उचलतंय ते कळायचं नाही. आक्का मागून ओरडायच्या, "सावकाश! त्याला पाडू नका. तुमी पडला तर पडा."

थंडीत गेला तो. कडाक्याची, त्याच्या मनासारखी थंडी पडली होती. आक्कांनी सकाळी घमेलं पुढं ठेवलं आणि त्यानं तोंड वर केलं नाही.

आप्पा रडले नाहीत. म्हणाले, "जेसीबी बोलवा." बांधावरच पुरायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि तिथला मुरूम असा की टिकावाचं काम नव्हतं. जेसीबीचा आवाज सगळ्या शिवारात गेला. भाऊ बांध फोडतोय, एवढंच अण्णांना वाटलं. उसातून वाट काढत, हातात फावडं घेऊन ते धावत आले आणि लांबूनच ओरडले, "हेक्टऱ्या! तुझ्या मालकाला सांग, बांधाला हात लावला तर..."

मग त्यांना ताडपत्री दिसली.

जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं. अण्णा बराच वेळ फावड्याच्या दांड्यावर हात ठेवून उभे राहिले. मग खड्ड्यात उतरले आणि त्या फावड्यानं त्यांनी तळ सारखा करायला घेतला. आप्पांनी डोक्याकडून धरलं, अण्णांनी पायांकडून, आम्ही पोरांनी मधून. आक्कांनी मीठ टाकलं. "सुटले बाई," असं मोठ्यानं म्हणाल्या आणि खड्ड्याच्या काठावर बसल्या, त्या माती टाकून झाली तरी उठेनात. दोघं भाऊ आपापल्या बाजूनं घरी गेले. एकमेकांशी एक अक्षर नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर कोर्टाच्या हुकमानं सरकारी मोजणी आली. मी रजा टाकून गेलो होतो. आप्पांनी "शिकल्यालं मानूस संगट पायजे" म्हणून नेलं होतं. मोजणीवाले साखळी टाकत, खुंट्या ठोकत बांधानं पुढं आले. दोघं भाऊ दोन अंगांनी चालत होते आणि प्रत्येक खुंटीला मोजणीवाल्याला सांगत होते, दुसरा किती लबाड आहे ते. हेक्टरला पुरलं होतं त्या उंचवट्यापाशी साखळी थांबली. हद्द बरोबर त्याच्या मधून जात होती.

"हे काय आहे? काढून टाका, खुंटी मारायचीय," मोजणीवाला म्हणाला.

"तितं न्हाई मारायची," अण्णा म्हणाले.

"अहो, हद्द तिथूनच जाते. मग ही जागा कुणाकडं दाखवू?"

अण्णांनी आप्पांकडं बघितलं. थेट. आप्पांनी घसा खाकरला.

"तो म्हनतोय तसं करा," आप्पा म्हणाले. "तेवढं सोडून मोजा."

मोजणीवाला कपाळाला हात लावून वळसा घालून गेला. पुढची खुंटी वीतभर आपल्या रानात सरकली, असं आप्पांना वाटलं. ते काठी आपटत भावाच्या अंगावर गेले. "ए, डोळं फुटलं का तुजं? ही खुंटी कुठं मारतोय बग!"

"तुजं फुटलं असत्याल!" अण्णा ओरडले. "म्हातारा झालास, पन लबाडी गेली न्हाई!"

ऊन डोक्यावर येईपर्यंत दोघं तिथं समोरासमोर उभे राहून भांडत होते. मोजणीवाल्यानं मला खुणेनं विचारलं, सोडवायचं का? मी म्हणालो, "नको. भांडू द्या."